साळुबा हवालदार आणि माझी इंपोर्टेड बंदूक

जाफराबादेत मला अजूनही कुणी ना कुणी रस्त्यात अडवून विचारतं, "भाऊसाहेब, पोरगी नेमबाजी शिकायची म्हन्ते. पयली एअर रायफल कोन्ती घ्यावी?" शाळेतल्या क्लार्कला लोक दाखले विचारतात, अडकलेली स्कॉलरशिप विचारतात. बंदूक विचारतात हा गावात माझा एकट्याचा मान आहे. मी घसा खाकरतो, चष्मा पुसतो आणि साळुबा हवालदारांनी सांगितलेल्या गोष्टी माझ्याच असल्यासारख्या सांगतो. आधी दुसऱ्याच्या बंदुकीवर एक डबी छर्रे संपवा. झेपेल तेवढंच वजन घ्या. ताकदीला भुलू नका, दुर्बिणीला तर बिलकुल भुलू नका. समोरचा मान डोलावतो, आणि शेवटी हमखास विचारतो, "तुमी कोन्ती घेतल्ती?"

तेव्हा मला एकदम आठवतं, की घरी गॅसवर दूध ठेवलंय.

हवालदार जाऊन दोन वर्षं होत आली. किडनीनं गेले असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. मला वगळून त्यांच्याबद्दल लिहिता आलं असतं तर मी आनंदानं लिहिलं असतं. पण ज्या वस्तूनं त्यांचं शेवटचं एक स्वप्न नासलं, ती वस्तू त्यांच्या हातात मीच ठेवली होती. तेव्हा कोपऱ्यात का होईना, मला उभं राहणं भाग आहे.

पहिली भेट राजूरची. अंगारकी होती, गणपतीच्या दर्शनाला ही गर्दी. दर्शन झाल्यावर बायकोला नारळ धरायला लावून मी फुग्यांच्या स्टॉलवर गेलो आणि दहा छऱ्यांत नऊ फुगे फोडले. लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोनं माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"फुगे लई दाटीनं लावलेत. मधून छर्रा जायला जागाच न्हाई."

मागे एक ठेंगणा, काळासावळा, साठीला टेकलेला माणूस हात पाठीमागे बांधून उभा होता. गळ्यात शिंप्यासारखी मोजपट्टी. मी म्हणालो, "मंग हा धावा फुगा काहून ऱ्हायला?"

"नळी डावीकडं वाकडी हाय. तुमी बंदूक उजवीकडं ओढून राह्यलेत. वाकड्याला वाकडं भेटलं म्हनून नऊ बसले. धाव्याला तुमी चुकून सरळ मारलं."

बायको हसली. आदर संपला. मी मात्र त्याच संध्याकाळी ठरवलं, की आपण नेमबाज व्हायचं. वय वर्षं त्रेचाळीस, पोट शर्टाच्या बटणांशी रोज भांडणारं. पण माणसाला एकदा आपण जन्मजात काहीतरी आहोत असं वाटलं, की त्याला आरसासुद्धा आवरू शकत नाही.

हा माणूस आमच्याच जाफराबादेत असतो, हे मला राजुरात कळलं. साळुबा हवालदार. सव्वीस वर्षं निमलष्करी दलात होते. गोळ्या झाडायला नाही, बंदुका दुरुस्त करायला. शस्त्रांचे कारागीर. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये दहा मीटरची रेंज उभी केली होती. चार जणांना उभं राहायला जागा. कागदी टार्गेट पुढे-मागे नेण्यासाठी सायकलच्या रिंगांवरून फिरणारी दोरी. टार्गेटमागे जालन्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यातून आणलेला जाड पत्रा आणि त्याच्यापुढे रबराचा जुना पट्टा. जिनिंग बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी छताच्या लोखंडी कैच्यांमध्ये कापूस अडकलेला होता. वारा सुटला की एखादं बोंडाएवढं पांढरं तरंगत खाली यायचं आणि नेमकं कुणाच्या तरी नळीवर बसायचं. ते आपोआप उडेपर्यंत थांबायचं, फुंकर मारायची नाही, असा नियम होता. "फुकलं की दम हालला. दम हालला की सगळंच हाललं."

नवीन माणूस आला की ते त्याला एकच प्रश्न विचारायचे. "काय मारायचंय?"

एक बागाईतदार आले होते, मोसंबीवर वानरं येतात म्हणून. हवालदारांनी त्यांना चहा पाजला, वानरांसाठी फटाक्यांचा उपाय सांगितला आणि जीपपर्यंत पोचवून आले. कुणी पोपट म्हणालं, कुणी रानडुक्कर. सगळ्यांना चहा, आणि सगळ्यांची रवानगी. या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर होतं : कागद. मी छाती काढून म्हणालो, "मेडल."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "ऱ्हावा. तुमच्याच्यानं कोन्तंच जनावर मरनार न्हाई."

मला पहिले तीन आठवडे बंदूक मिळालीच नाही. फावड्याचा दांडा मिळाला. तो खांद्याला लावायचा, टोकावर दोन रुपयांचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता उभं राहायचं. माझं नाणं इतक्या वेळा पडायचं, की शेजारी सराव करणाऱ्या दोन मुली त्या आवाजावरून वेळ सांगू लागल्या. मी कुरकुर केली की हवालदार आपल्या वडिलांचं सांगायचे. वडील मेंढरं राखायचे. "माझा बाप काठीवर हनुवटी टेकून सकाळी उभा ऱ्हायचा, त्ये दुपारी सावली पायाखाली येस्तोवर. मेंढरू त्येच्या पायाला अंग घासून जायचं, झाड समजून. फोर्समधी लई मोठे मोठे शूटर पायले भाऊसाहेब. माझ्या बापावानी उभा राह्यलेला एकबी न्हाई."

त्यांच्या अंगाला मशिनच्या तेलाचा आणि लवंगेचा वास यायचा. डबी उघडली की प्रत्येक छर्रा ते फोटोफ्रेमच्या जुन्या काचेवर घरंगळून बघत. सरळ गेला तो एका वाटीत, वाकडा गेला तो दुसऱ्या. वाकड्यांची वाटी माझी. "सरळ कशाला वाया घालवायचे?" सराव संपला की सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावायचे, शिसं वाईट म्हणून, आणि धुतलेले हात उलटेपालटे करून तपासायचे. माझे मी तीन वेळा धुवायचो.

त्यांचा मोठा नियम म्हणजे डबीचा. क्लबच्या जुन्या बंदुकीवर पाचशे छऱ्यांची डबी पुरती रिकामी झाल्याशिवाय स्वतःची बंदूक घ्यायची नाही. डबी संपली की तिच्यावर नाव लिहून ती फळीवर लागायची, आणि मग हवालदार त्या माणसाला घेऊन स्वतः संभाजीनगरच्या दुकानात जायचे. मी एकदा बरोबर गेलो होतो. आमच्यातली एक मुलगी होती, तिचे वडील होते. दुकानदार एकापेक्षा एक चकचकीत बंदुका काढत होता. हवालदारांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पट्टी काढली आणि मुलीच्या कोपरापासून बोटापर्यंत हात मोजला, मानेची उंची मोजली. मग एकेक बंदूक तिच्या हातात देऊन म्हणायचे, "डोळे मिट. खांद्याला लाव. गाल टेकव. आता उघड. दिसतंय का समोरचं गोल?"

"जरा मान वाकवली की दिसतंय."

"मंग ही तुझी न्हाई."

सातव्या बंदुकीला तिनं डोळे उघडले आणि नुसती हसली. ती सगळ्यात साधी दिसणारी, सेकंडहँड बंदूक होती. वडिलांचं तोंड उतरलं. हवालदार म्हणाले, "पाव्हनं, जावई बघून राह्यलो का आपन?"

अशा किती जणांच्या पहिल्या बंदुका त्यांनी निवडून दिल्या असतील. पण त्यांची स्वतःची बंदूक नव्हती. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा ते मला गमतीचं वाटलं. मी म्हणालो, "मामा, शिंप्याचा शर्ट फाटका!"

ते हसले नाहीत. शेडच्या पायरीवर बसून एका खटक्याला तेल देत होते. म्हणाले, "सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या बंदुका सरळ केल्या. स्पर्धेच्या आधी रात-दिस बसून निशाना मी बराबर करायचा, अन् पाठीवर नंबर लावून दुसऱ्यानं उभं राह्यचं. तक्रार न्हाई. त्ये कामच व्हतं माझं. पर एकदा आपल्या नावानं उभं राह्यचंय. राज्याच्या स्पर्धेत. ज्येष्ठांचा गट असतो. एकदा."

"मेडल?"

"कशाचं मेडल. पाठीवर नंबर पायजे."

एवढंच त्यांना हवं होतं. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली दुसरी कुठली गोष्ट मला माहीत नाही. त्यांच्या घरी मामींनाही आठवत नाही.

त्या वर्षी त्यांनी बंदूक घेतली. पुण्याच्या कुणा खेळाडूनं विकायला काढलेली, दाबलेल्या हवेवर चालणारी जुनी मॅचची रायफल. जगाची मापं घेणाऱ्या माणसाचं माप घ्यायला मात्र कुणी नव्हतं, म्हणून पट्टी माझ्या हातात आली. ते डोळे मिटून उभे राहिले, मी पट्टी धरली, आणि चुकीच्या बाजूनं धरली म्हणून बोलणीही खाल्ली. दोन दिवस ते बटाच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याच्या, पट्ट्या काढत-घालत होते. ट्रिगर बोटाच्या पहिल्या पेराच्या बरोबर मध्यावर यायला हवा होता. "ना टोकाला, ना घडीवर. इथं." त्यांनी उजव्या तर्जनीच्या पेरावर डाव्या हाताच्या नखानं खूण करून दाखवली. तिथली कातडी मऊ होती. बाकी सगळा हात लोखंडाचा झालेला, आणि तेवढंच पेर त्यांनी कसं कोण जाणे लहान पोराच्या गालासारखं ठेवलं होतं.

ज्येष्ठांच्या गटात त्यांचं नाव गेलं. स्पर्धा दिवाळीनंतर होती.

आता माझ्याकडे वळावं लागतं.

माझी डबी अजून अर्धी भरलेली होती. रोज संध्याकाळी आपल्या वाट्याचे वाकडे छर्रे मोजून मी कंटाळलो होतो. हवालदारांची नवी बंदूक बघितल्यावर तर माझ्या अंगात वारं शिरलं. त्या बंदुकीचा ट्रिगर श्वासानं सुटेल इतका हलका, उघडताना आवाज म्हणून नाही. तशात कामानिमित्त शहागडला जाणं झालं. गोदावरीच्या पुलाअलीकडे ट्रकवाल्यांच्या एका ढाब्यावर जेवताना मालकानं गल्ल्यामागून एक लांबलचक बंदूक काढून दाखवली. वर कोपरभर दुर्बीण. "इंपोर्टेड," तो म्हणाला. या शब्दापुढे माझं आजवर काही चाललेलं नाही. मी डोळे मिटले नाहीत, मान मोजली नाही. बंदूक माझ्या गालाला कुठेच लागत नव्हती. मी मनाशी म्हणालो, गाल सवयीनं वाढेल.

तिला बाजूला दांडी होती. दांडी ओढली की आतली जाड स्प्रिंग दबायची, नळीमागचं लोखंडी झाकण मागे सरकायचं आणि छर्रा ठेवायला बोटभर खिडकी उघडायची. ती स्प्रिंग एका छोट्याशा खटक्याच्या ओठावर अडकून बसायची. दांडी ओढताना कट-कट-कट आवाज यायचा. तो आवाज एका दाताचा होता. खटका निसटला तरी झाकण मध्येच अडावं म्हणून बनवणाऱ्यानं तो दात ठेवलेला. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच वाटलं, की ट्रिगर जड आहे आणि हा कटकट आवाज गावठी आहे.

आमच्या गल्लीत बबन शिलाई मशिन दुरुस्त करतो. माझा लहानपणचा दोस्त. मी बंदूक त्याच्याकडे नेली. तो म्हणाला, "भाऊ, मी फक्त शिलाई मशिन करतो."

"अबे, स्प्रिंग ती स्प्रिंग. दोन हात कानस मार खटक्यावर. अन् हे कटकट बंद कर."

बबननं कानस मारली, आणि दात काढून माझ्या हातावर ठेवला. बंदूक लोण्यासारखी झाली. मला इतका आनंद झाला, की मी त्याला समोशे खाऊ घातले.

दुसऱ्या दिवशी मी ती रेंजवर नेली. खरं सांगायचं तर हवालदार रागावतील याची मला भीती होती आणि ते चकित होतील याची आशाही. रागावले नाहीत. "डबी न्हाई संपवली," एवढंच म्हणाले. मग कारागिराचे डोळे बंदुकीवर फिरायला लागले आणि ते डबी विसरले. त्यांनी बंदूक गुडघ्यांवर आडवी घेतली, दांडी ओढली. आवाज आला नाही.

ते थांबले. "आवाज काहून येत न्हाई? या बनावटीला आवाज असतो."

"इंपोर्टेड हाय ना मामा."

"आत कुनी हात लावलाय का?"

रेंजवर त्या दोन मुली होत्या. त्यांच्यासमोर मी काय सांगणार होतो, शिलाई मशिनवाल्याकडून कानस मारून आणली? मी म्हणालो, "न्हाई मामा. कंपनीची जशी आली तशी हाय. सील मी फोडलं."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. तसं रोज कुणालाही ते दांडी घट्ट धरून ठेवल्याशिवाय छर्रा भरू द्यायचे नाहीत. पण बंदूक कंपनीची, म्हणजे दात जागेवर असणार, आणि सांगणारा माणूस पस्तीस-चाळीस वेळा त्यांच्या घरी जेवलेला. त्यांनी दांडी सोडली. डाव्या हातात टॉर्च घेतली, आत वाकून पाहिलं, आणि झाकणाच्या कडेचं रबर चाचपायला उजव्या हाताची तर्जनी खिडकीत घातली.

आवाज मोठा नव्हता. पेटीचं झाकण पडावं तसा.

ते ओरडले नाहीत. "दांडी ओढा," म्हणाले. मला दांडी ओढता येईना. शेवटी मुलींपैकी एकीनं ओढली. हवालदारांनी हात बाहेर काढून दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला आणि म्हणाले, "टोक आत असंल. बघा."

ते मी काढलं. कसं काढलं ते लिहीत नाही. शेडच्या बाहेर उसाची रसवंती होती. मी स्टीलचा डबा घेऊन बर्फाला धावलो. मालक विचारतो, "रस किती?" मी म्हणालो, "नुसता बर्फ." तो म्हणाला, "नुसता बर्फ देत न्हाई." मग त्यानं माझा शर्ट पाहिला आणि अख्खी लादी दिली. काळीपिवळी जीप मिळाली, जालन्याला पोचलो. डॉक्टरांनी डबा उघडून बघितला आणि झाकण परत लावलं. कापलं असतं तर जोडलं असतं, म्हणाले. हे चेंगरलंय.

हवालदारांना साखर होती. जखम भरेना. महिन्यानं आणखी थोडं कापावं लागलं. तर्जनीचं पहिलं पेर गेलं, दुसरं अर्धं गेलं.

ठाण्यातून जमादार चौकशीला आला. मी घरात बसून होतो. बायकोला सांगून ठेवलं होतं, की मला ताप आहे. हवालदारांनी जबाब दिला, "माझीच चूक. दांडी धरायची ती धरली न्हाई." रेंजला कुलूप लागू नये म्हणून ते तसं बोलले, असं गावात सगळे म्हणाले. असेलही. कुलूप मात्र चार महिन्यांनी लागलंच. शेडच्या मालकाला अपघाताची जागा नको होती.

पंधराव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर ते डाव्या हातानं लसूण सोलत बसले होते. मामींनी मला बघितलं आणि चहा न विचारता आत गेल्या. तेवढ्यावरून मला कळलं, की त्यांना माहीत आहे. मी माफी पाठ करून गेलो होतो. शाळेत इतके अर्ज लिहिलेत, मसुदा चांगला जमला होता. पहिल्या ओळीलाच अडलो. हवालदार उठले, कोनाड्यातून कागदाची पुडी आणली आणि माझ्यासमोर उलगडली. माझ्या बंदुकीचा खटका. त्यांनी ती एका हातानं खोलली होती.

"कानस कुनाची हाय?"

"बबनची."

"कोन बबन?"

"शिलाई मशिनवाला."

त्यांनी खटका उन्हात धरला. त्याच्या ओठावर कानशीचे तिरपे ओरखडे स्पष्ट दिसत होते. "हात चांगलाय त्येचा," ते म्हणाले. "त्येला काय म्हाईत."

मी वाट बघत राहिलो. शिवी द्या, थोबाडीत मारा, काहीतरी करा. ते पुन्हा लसूण सोलायला बसले. तीन-चार पाकळ्या सोलून झाल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मी इचारलं व्हतं तुमाला."

यानंतर माझ्याशी ते या विषयावर कधी एक शब्द बोलले नाहीत. बाकीचं सगळं बोलायचे. पाऊस, सोयाबीन, शाळेचा निकाल. मला वाटतं, तीच माझी शिक्षा होती. पण तसं म्हणण्यातही मी स्वतःला महत्त्व देतोय. त्यांना माझ्याकडे लक्ष द्यायला वेळच नव्हता. दिवाळी जवळ आली होती.

जखम भरली तेव्हा स्पर्धेला तीन आठवडे होते. नाव आधीच गेलेलं. ते रोज शेडमध्ये जाऊन मधल्या बोटानं ट्रिगर दाबायला शिकत होते. सगळी पकड बदलली, मनगट बदललं. दोन दिवस बसून लावलेल्या बटाच्या पट्ट्या पुन्हा काढल्या. मधलं बोट लांब आणि आडदांड. मी दोरीशी उभा राहून टार्गेट मागे आणायचो. काही छर्रे काळ्या गोलाच्या बाहेर, पांढऱ्या कागदावर लागलेले असायचे. ते कागद ते घडी करून खिशात ठेवायचे. बाकी कुणाला दाखवायचे नाहीत.

पुण्याला त्यांचा मुलगा नेणार होता. त्याला सुटी मिळाली नाही. मामींचा फोन आला. बोलण्यात कडूपणा होता आणि लाचारीही, म्हणून तो मला अजून ऐकू येतो. "तुमीच घेऊन जा आता. दुसरं कोन हाय."

यष्टीनं गेलो. रात्रभर बंदुकीची पेटी त्यांच्या पायांमध्ये उभी होती. मला हात लावू दिला नाही.

हॉल केवढा मोठा, एका ओळीत पन्नासएक जण उभे राहतील इतका. कागद नाहीत, दोऱ्या नाहीत. प्रत्येकाच्या शेजारी छोटा टीव्ही, त्यावर छर्रा कुठं लागला ते उमटतं. बघणाऱ्यांना मागे कठड्याआड बसवतात. तिथून सगळ्यांच्या फक्त पाठी दिसतात. हवालदारांची जागा शेवटून तिसरी. अंगात कुणाचं तरी मागून आणलेलं जाड जाकीट, खांद्यांवर फुगलेलं. आणि त्याच्या पाठीवर चार पिनांनी लावलेला नंबर. तो मीच लावला होता. जरा तिरपा लागला.

साठ छर्रे, सव्वा तासात.

ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या वडिलांविषयी सांगितलेलं मला सगळं खरं वाटलं. एवढ्या हॉलमध्ये तसं कुणी उभं नव्हतं. मग हात ट्रिगरकडे गेला. मी कठड्याच्या टोकाला सरकून बाजूच्या कोनातून बघत होतो, म्हणून मला दिसलं : आधी तर्जनी गेली. ते उरलेलं थोटूक ट्रिगरपर्यंत पोचलं नाही, हवेत थांबलं, मागे आलं. मग मधलं बोट गेलं. छर्रा सुटला. बंदूक खाली. पुन्हा वर. पुन्हा आधी थोटूक, मग मधलं बोट. चाळीस वर्षांची सवय बोटाला तोडता येत नव्हती, आणि ते तिला घाई करत नव्हते. प्रत्येक वेळी तिला जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे.

त्यात वेळ जायचा. बाकीच्यांचं पन्नास मिनिटांत, तासात आटोपलं. वेळ संपल्याची घोषणा झाली तेव्हा त्यांच्या डबीत अकरा छर्रे राहिले होते. यादीत नाव शेवटी आलं. पुढे त्याच हिवाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले, आणि मग दवाखाने. मी भेटायला जायचो. पण त्यांचं नाव निघालं की मला दवाखान्यातले हवालदार आठवत नाहीत.

लोकांनी बंदुका पेट्यांत भरल्या, जाकिटं काढली, हसत-बोलत बाहेर पडले. हवालदार आपल्या जागी उभेच. बंदूक उघडून टेकवलेली, तोंड भिंतीकडे. पंचानं तपासून बंदूक रिकामी आहे असं सांगितल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही, हा नियम. त्या कोपऱ्याकडे पंच यायचा विसरला होता. ते हाक मारेनात, मागेही वळेनात. सगळी ओळ रिकामी झाली, दिवे अर्धे विझले, आणि तो तिरपा नंबर तसाच उभा.

शेवटी निळ्या शर्टातल्या एका तरुण पंचबाईचं लक्ष गेलं. ती लगबगीनं आली. "सॉरी आजोबा. रिकामी आहे ना?" असं म्हणून ती वळायलाच निघाली होती.

"बघून घ्या बाई," हवालदार म्हणाले. "माझ्या सांगन्यावर जाऊ नका."

ती थांबली. त्यांनी बंदूक उचलून उजेडाकडे जराशी फिरवली, तिला आतलं नीट दिसावं म्हणून. ती वाकली, एक डोळा मिटून तिनं नळीमागची जागा पाहिली. तिचं बघून होईपर्यंत ते दोन्ही हातांनी बंदूक धरून उभे होते.